इअरफोन ओढणाऱ्या हातांना

मागच्या हिवाळ्यात धुळ्याला नात्यातल्या एका वलीम्याला गेलो होतो. जेवणं आटोपली होती. पाहुणे खुर्च्या ओढून गप्पा मारत बसले होते. माझी भाची एका कोपऱ्यात कानात इअरफोन घालून बसली होती. ती बारावीला आहे. नात्यातले एक बुजुर्ग तिच्यामागून आले. त्यांनी तिच्या कानातला एक इअरफोन ओढून आपल्या कानाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अरे, ये तो चिंगचांग सुन रही है! कुछ समझता भी है तेरेको?"

हशा पिकला. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

त्या हशाचा परिणाम रात्री दिसला. चार लोकांत मान खाली गेली म्हणून दूल्हाभाईंनी तिचा फोन काढून घेतला. "कोरियाच्या पोरांची गाणी ऐकते, उद्या काय करेल?" हा त्यांचा सवाल होता. फोन तीन आठवडे कपाटात राहिला. त्याच फोनवर तिचे रसायनशास्त्राचे तास होते, मैत्रिणींनी पाठवलेल्या नोट्स होत्या. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण मुद्दा अभ्यासाचा नव्हताच.

फोन जमा होण्याआधी तिने मला एक काम सांगितलं होतं. "मामू, तुम हँसे ना? तो एक बार सुन के हँसो." आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दहा-बारा गाणी पाठवली होती. दुसऱ्या दिवशी धुळ्याहून जळगावला एसटीने परत येताना पारोळा जाईपर्यंत मी फोनला हात लावला नाही. एरंडोलच्या अलीकडे पहिलं गाणं लावलं. जळगाव आलं तेव्हा मी हसत नव्हतो. त्यानंतर काही महिने मी ही गाणी ऐकली, त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं. हा लेख त्या ऐकण्यातून आलेला आहे आणि त्या वलीम्यात हसलेल्या सगळ्यांना उद्देशून आहे. त्यात मी पहिला.

पहिला आक्षेप भाषेचा. जे समजत नाही ते ऐकायचं कशाला?

आता जरा आपल्या घरात बघू. कव्वाल मध्येच एखादा फारसी शेर घेतो तेव्हा मैफलीतल्या माना डोलतात. त्या मानांपैकी किती जणांना फारसी येते? नुसरत फतेह अली खान यांची पंजाबी आपल्या मोहल्ल्यात कोणाला पुरती कळत होती? तरी त्यांच्या कॅसेटा घासून निघाल्या. आपल्या खान्देशचंच उदाहरण हवं असेल तर 'हाई झुमका वाली पोर' घ्या. हे अहिराणी गाणं यूट्यूबवरून महाराष्ट्रभर गेलं. ज्यांना अहिराणीचा एक शब्द बोलता येत नाही ते त्यावर हळदीत नाचतात. तेव्हा आपली छाती फुगते, "बघा, आमच्या बोलीचं गाणं कुठवर गेलं." पुण्याच्या माणसाने न समजता अहिराणी ऐकली तर तो आपला गौरव आणि धुळ्याच्या मुलीने न समजता कोरियन ऐकलं तर तो तिचा मूर्खपणा, हा कुठला न्याय?

शिवाय माझ्या भाचीला समजत नाही हेही खरं नाही. ती उर्दू माध्यमात शिकली. उर्दू, देवनागरी आणि इंग्रजी या तीन लिप्या तिला येत होत्या. गाण्यांच्या नादाने ती चौथी शिकली. कोरियाच्या राजा सेजोंगच्या काळात, पंधराव्या शतकात, ही हंगुल लिपी तयार झाली. सामान्य माणसालाही लिहिता-वाचता यावं हा तिच्यामागचा हेतू होता. भाचीच्या वहीत त्या लिपीची अक्षरं उर्दूत उच्चार लिहून ओळीने मांडलेली आहेत. कोणी शिकवलं नाही, कोणी फी भरली नाही. मी स्वतः मराठीचा शिक्षक आहे. वर्गातल्या मुलांनी आपणहून एक लिपी शिकावी म्हणून मी काय काय केलं असतं! आणि इथे घरातली मुलगी ती शिकून बसली आहे, तर आपण म्हणतो, चिंगचांग.

या शब्दावरही थोडं थांबावं लागेल. आपली दाढी, आपली टोपी, आपली नावं यांवरून कोणी टिंगल केली की आपल्याला किती लागतं, हे आपण एकमेकांना सांगत असतो. ते बरोबरच आहे. मग दुसऱ्याच्या डोळ्यांच्या ठेवणीवरून आणि भाषेच्या आवाजावरून टिंगल करण्याची सूट आपल्याला कोणी दिली? ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांना आपल्या शहरांतून हाच शब्द ऐकावा लागतो. ज्याला टिंगलीचा मार माहीत आहे त्याने तरी तो दुसऱ्याला देऊ नये.

दुसरा आक्षेप असा की हे कालचं फॅड आहे, उद्या विरेल. याला मागेपुढे काही नाही.

मागे बरंच आहे. १९३५ मध्ये, कोरिया जपानच्या गुलामीत असताना, ली नान-यंग नावाच्या गायिकेने आपल्या मोकपो या बंदराच्या गावावर एक गाणं गायलं. नाव होतं 'मोकपोचे अश्रू'. गाणं विरहाचं होतं, पण गुलाम देशाने त्यात आपलं दुःख ऐकलं. पुढे कोरियन युद्धात तिच्या संगीतकार पतीला उत्तरेकडचे लोक धरून घेऊन गेले. हाताशी पोरं, घरात दाणा नाही. तिने आपल्या दोन मुली आणि एक भाची यांना अमेरिकन सैनिकांच्या छावणीत गायला उभं केलं. त्या मुलींना इंग्रजी येत नव्हतं. आईने ऐकवलेली गाणी त्यांनी नुसत्या आवाजावरून पाठ केली. 'किम सिस्टर्स' या नावाने त्या १९५९ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि तिथल्या सगळ्यात मोठ्या टीव्ही कार्यक्रमात, एड सुलिव्हन शोमध्ये, अनेकदा गायल्या. न समजणाऱ्या भाषेतली गाणी आवाजावरून पाठ करणाऱ्या मुली! त्यांना आज जग कोरियन पॉपच्या आद्य कलाकारांत मोजतं. आमच्या धुळ्याच्या मुलीने तेच केलं तर आम्ही खुर्चीवर बसून हसतो.

त्याच अमेरिकन छावण्यांमधून शिन जुंग-ह्यॉन हा गिटारवादक पुढे आला. त्याला कोरियन रॉकचा जनक म्हणतात. १९७२ मध्ये हुकूमशहा पार्क चुंग-ही यांच्या स्तुतीचं गाणं लिही असा निरोप त्याला आला. त्याने नकार दिला. १९७५ मध्ये गांजाच्या प्रकरणात त्याला अटक झाली आणि त्याच्या गाण्यांवर बंदी आली. किम मिन-गीचं 'सकाळचं दव' हे गाणं १९७१ मध्ये निघालं. त्यात कोणाविरुद्ध घोषणा नव्हती, तरी विद्यार्थी ते मोर्चात गाऊ लागले आणि १९७५ मध्ये त्यावरही बंदी आली. बंदीमुळे ते विरलं नाही, उलट पोरांनी ते तोंडपाठ करून जपलं.

१९९२ मध्ये 'सो ताइजी अँड बॉइज' हे तिघे टीव्हीवरच्या एका स्पर्धेत उतरले. परीक्षकांनी त्यांना सर्वांत कमी गुण दिले. लोकांनी मात्र त्यांना डोक्यावर घेतलं आणि आजच्या के-पॉपची सुरुवात तिथूनच धरतात. १९९४ मध्ये त्यांनी मुलांना घाण्याला जुंपणाऱ्या शाळांवर गाणं केलं. १९९५ मध्ये सेन्सॉरने एका गाण्यातल्या ओळींवर आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी शब्दच काढून टाकले आणि नुसतं वाद्यसंगीत प्रसिद्ध केलं. चाहत्यांनी आवाज उठवला. १९९६ मध्ये कोरियात गाण्यांची पूर्वतपासणी करणारी सेन्सॉरशिप संपली.

या इतिहासाशी आजच्या मुलींचा काही संबंध नाही असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. भाचीने पाठवलेल्या यादीत आययू नावाच्या गायिकेचं एक गाणं होतं. या गायिकेने २०१४ मध्ये जुन्या कोरियन गाण्यांचा एक अख्खा अल्बम नव्याने गायला. त्या वाटेने माझी भाची जुन्या गाण्यांकडे गेली. आपल्याकडे आजची मुलं तलत महमूदपर्यंत रीमिक्सच्या वाटेने पोचतात, तसंच. बीटीएस या सात मुलांच्या गटाचं २०१७ चं 'स्प्रिंग डे' हे गाणंही यादीत होतं. २०१४ मध्ये सेवोल नावाची बोट बुडून ३०४ माणसं गेली, त्यांत बहुसंख्य सहलीला निघालेली शाळकरी मुलं होती. कोरियातले अनेक श्रोते हे गाणं त्या मुलांच्या आठवणीशी जोडतात. मला हे माहीत नसताना एरंडोलच्या अलीकडे मी ते पहिल्यांदा ऐकलं. शब्द कळला नाही, पण कोणीतरी कोणाचीतरी वाट बघतंय हे कळलं. एवढं कळलं की गाण्याचं काम झालं.

तिसरा आक्षेप पुरुषांकडून येतो. ती पोरं बायकी दिसतात म्हणे. ओठाला रंग, डोळ्यांत काजळ.

ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांना देव मानलं, त्याने हा आक्षेप घ्यावा? नारायण श्रीपाद राजहंस शालू नेसून रंगमंचावर येत आणि घरंदाज बायका त्यांच्यासारखी लुगडी नेसत. आणि आपण? ईदच्या सकाळी आब्बांच्या डोळ्यांत सुरमा, कानात अत्तराचा फाया, नवरदेवाच्या हाताला मेंदी. ते मर्दानी आणि सोलच्या पोराच्या डोळ्यांतलं काजळ तेवढं बायकी? खरं दुखणं वेगळं आहे. ही पोरं मुलींना न घाबरवता त्यांच्याशी बोलतात, रडायला लाजत नाहीत. मुलींना ती आवडतात. त्यांना काय आवडतं हे कळल्यावर आपल्याला आपल्याविषयी काहीतरी कळतं, ते आपल्याला ऐकायचं नसतं.

चौथा आक्षेप सगळ्यांत जड आहे. गाणं हराम आहे, मग ते कोरियन असो की हिंदी.

मी मुफ्ती नाही. या प्रश्नावर उलेमांमध्ये शतकानुशतके मतभेद आहेत. इमाम गजालींनी 'इह्या'मध्ये समा या विषयावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि ऐकणारा कोण, काय ऐकतो, कशासाठी ऐकतो यावर निर्णय सोपवला. ज्याला सगळंच संगीत वर्ज्य वाटतं आणि जो ते खरोखर पाळतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. त्याचा मला आदर आहे. माझं भांडण निवडून पाळणाऱ्यांशी आहे.

त्याच वलीम्याच्या आदल्या दिवशी बारातीपुढे डीजे होता. त्याच्या आवाजाने गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. पुढे आपलेच तरुण नाचत होते आणि नोटा ओवाळत होते. त्या बुजुर्गांनी डीजेची वायर ओढली नाही. डीजेचा आवाज अख्ख्या मोहल्ल्याच्या छातीवर बसतो, इअरफोनचा आवाज एका मुलीच्या कानापलीकडे जात नाही. तरी दीन आठवतो तो इअरफोन दिसल्यावर. मग हा आक्षेप गाण्यावर आहे की ऐकणारीवर?

आणि आपण खान्देशचे आहोत हे तरी विसरू नये. फारुकी सुलतानांनी आपली राजधानी बुऱ्हाणपूर वसवली तिला खुलताबादच्या बुरहानुद्दीन गरीब यांचं नाव दिलं. हे चिश्ती बुजुर्ग, हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीद. समामध्ये रंगून जाण्याची त्यांची आपली एक तऱ्हा होती आणि त्यावरून त्यांच्या साथीदारांना 'बुरहानी' म्हणत. खान्देशच्या सुलतानांची राजधानी ज्यांच्या नावाने वसली ते गाण्याने भारून उभे राहणारे फकीर होते. हे आपल्या मातीतलं आहे. ते पुसून टाकायचं असेल तर खुशाल पुसा, पण मग आमच्याकडे हे कधी नव्हतंच असं तरी सांगू नका.

कोणी म्हणेल, के-पॉपची बाजू घेताना त्याची काळी बाजू लपवू नका. नाही लपवत. ती गाणी ज्या कारखान्यातून निघतात तिथे लहान मुलांना वर्षानुवर्षे घासलं जातं. २००९ मध्ये टीव्हीएक्सक्यू या गटातले तिघे १३ वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात गेले, तेव्हा ही गोष्ट चव्हाट्यावर आली. त्यानंतर तिथल्या सरकारी आयोगाने नमुना करारात सात वर्षांची मर्यादा घातली. सुली आणि गू हारा या दोन तरुण गायिका २०१९ मध्ये सहा आठवड्यांच्या अंतराने गेल्या. दोघींनीही इंटरनेटवरच्या शिव्याशापांचा भडिमार सोसला होता. २०२० मध्ये ब्लॅकपिंकच्या एका व्हिडिओत गणपतीची मूर्ती जमिनीवर ठेवलेली दिसली. भारतीय चाहत्यांनी हरकत घेतल्यावर ती काढण्यात आली. चाहते आंधळे असते तर हरकत कोणी घेतली असती? हे सगळं मला पुस्तकातून कळायच्या आधी भाचीने सांगितलं. ज्यांना आपण वेड्या समजतो त्या मुली आपल्या आवडीच्या धंद्यावर आपल्यापेक्षा कडक नजर ठेवून असतात. क्रिकेटच्या सट्ट्याबद्दल किती बापांनी आपल्या मुलांशी एवढं मोकळं बोलणं केलं आहे?

आता ज्या बातमीमुळे हा विषय टिंगलीपलीकडे जातो ती बघू. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यातल्या तीन मुलींनी आपलं अपहरण झाल्याचा खोटा फोन केला. एक ११ वर्षांची, दोघी १३ च्या. पोलिसांनी त्यांना मोहोळच्या बसस्थानकात सुखरूप गाठलं. पुण्याला जायचं, काम करून पैसे कमवायचे आणि कोरियाला जाऊन बीटीएसला भेटायचं, असा त्यांचा बेत होता. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर त्यावर दोन दिवस विनोद चालले. मग एकच उपाय सगळ्यांनी सांगितला, पोरींचे मोबाईल काढून घ्या.

मी भुसावळ लाईनच्या पट्ट्यात वाढलो. राजेश खन्नाला, अमिताभला बघायला रेल्वेत बसून मुंबईला पळालेल्या पोरांच्या गोष्टी माझ्या लहानपणी घरोघरी होत्या. त्या कौतुकाने सांगितल्या जात. "बडा जिगरवाला था, बिना टिकट गया." ते जिगरवाले ठरले आणि या तिघी बिघडलेल्या. पळून जाणं धोक्याचंच होतं. मोहोळच्या स्थानकावर त्यांना पोलिसांऐवजी दुसरं कोणी आधी गाठलं असतं तर, या विचाराने माझ्या पोटात गोळा येतो. म्हणूनच विचारतो, पुण्याहून पैसे साठवून कोरियाला जाता येतं असं अकरा वर्षांच्या मुलीला वाटतं, याचा अर्थ काय? तिच्या या आवडीबद्दल तिच्याशी बोलणारं एकही मोठं माणूस तिच्या आयुष्यात नव्हतं. एकाने जरी बसून ऐकलं असतं तर तिकीट, पासपोर्ट, वय सगळं दहा मिनिटांत कळलं असतं. फोन काढून घेतल्यावर आवड जात नाही, फक्त ती सांगायची जागा जाते. मग बेत अंधारात शिजतात.

आणि ज्यांना वाटतं की असली गाणी मुलींना बिनडोक करतात त्यांच्यासाठी आणखी एक बातमी, त्याच महिन्यातली. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारला. संसदेने तो काही तासांत हाणून पाडला. पुढचे कित्येक दिवस कडाक्याच्या थंडीत लोक रस्त्यावर होते, अध्यक्षांना हटवा म्हणून. त्यांत तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. मेणबत्तीच्या जागी त्यांच्या हातात आपापल्या आवडत्या गटाच्या, मैफलीत हलवायच्या रंगीत दिव्यांच्या कांड्या होत्या. गर्ल्स जनरेशन या गटाचं २००७ चं 'इनटू द न्यू वर्ल्ड' त्या गात होत्या. २०१६ मध्ये सोलच्या एव्हा महिला विद्यापीठातल्या मुलींनी पोलिसांसमोर हेच गाणं गायलं होतं. १४ डिसेंबरला संसदेने महाभियोग मंजूर केला. गाण्याने सरकार पडत नाही, हे मला कळतं. पण घाबरलेल्या माणसांना एकमेकांचा हात धरायला गाणं लागतं. ते 'सकाळचं दव' गाणाऱ्यांना लागलं होतं, या मुलींनाही लागलं.

आम्ही जळगावकर बहिणाबाईंचं नाव अभिमानाने घेतो. विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण त्या हयात असेपर्यंत त्यांच्या ओव्यांचं पुस्तक निघालं नाही. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये पुस्तक आलं. घरातली बाई काय गुणगुणते हे ऐकायला जगाला एवढा उशीर झाला. माझी भाची कवयित्री आहे असा माझा दावा नाही. दावा एवढाच आहे की घरातल्या मुलीच्या कानात काय चाललंय हे ऐकण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. कान ओढायची मात्र आहे.

त्या तीन आठवड्यांनंतर मी धुळ्याला गेलो आणि दूल्हाभाईंशी बोललो. सगळं त्यांना पटलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी फोन परत दिला, पण रात्री दहानंतर तो स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायचा या अटीवर. ती अट मलाही योग्य वाटली. भाचीची मात्र मी माफी मागितली, सगळ्यांसमोर. हसलो होतो सगळ्यांसमोर, तेव्हा माफी एकांतात मागून चाललं नसतं.

वाचकांना माझी विनंती छोटी आहे. कोरियन गाणी तुम्हाला आवडलीच पाहिजेत असं नाही. मलाही त्यांतली निम्मी गोंगाट वाटतात. पण आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या मुलीला म्हणा, तुझं एक गाणं लाव. ते पूर्ण ऐका. मध्ये बोलू नका. संपल्यावर विचारा, यात तुला काय आवडतं? आणि ती सांगेल ते ऐका.

हा लेख टाकण्याआधी मी भाचीला वाचायला पाठवला. तिचा निरोप आला, "मामू, अच्छा है. लेकिन आधे नाम गलत लिखे थे, मैंने ठीक कर दिये." त्याखाली नवीन दहा गाणी होती.